हिंमतरावांच्या मोटारीचा काटा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल परमिटावर मिळायचं, आणि येडशीच्या आसपास परमिट होतं ते एकट्या हिंमतराव देशमुखांकडं. मोटार त्यांनी हैदराबादेतल्या एका पेन्शनीत गेलेल्या अंमलदाराकडून आणली होती. ती चांगली आठ-नऊ वर्षांची जुनी होती. पण पंचक्रोशीत दुसरी नसल्यामुळं नवीच समजली जायची.

या मोटारीच्या पेट्रोलच्या काट्यानं गोरोबा ड्रायव्हरची अब्रू घेतली. पेट्रोल भरून निघावं, तर वेशीपर्यंत काटा शून्यावर. पुढं खड्ड्यात मोटार उडाली की टुणकन वर, अन् पुन्हा खाली. हिंमतराव मागच्या गादीवरून मान लांब करून काट्याकडं बघत बसायचे. कारकून उत्तरेश्वरानं आधी कारण शोधून दिलं होतं, "सरकार, तुम्ही बसलात की काटा मान खाली घालतो. अदब हाय त्याला." हिंमतरावांना ते काही दिवस पटलंही. मग एकदा तालुकदारांच्या, म्हणजे निजामाच्या कलेक्टरच्या, भेटीला जाताना शून्य बघून ते अर्ध्या वाटेतून माघारी फिरले, भेट हुकली, आणि त्याच अदबीला गोरोबाची चोरी म्हणायचं ठरलं.

"सरकार, म्या एकटा असलो की काटा नीट असतो," गोरोबा म्हणाला.

"असणारच," हिंमतराव म्हणाले. "एकटा असलास की तुला बघतंय कोण?"

भर उन्हात त्याला पागोटं उतरवून चावडीसमोर बसवलं. येणारेजाणारे बघत होते; कुणी चकार शब्द काढला नाही. ऊन कलल्यावर गोरोबा उठला, पागोटं काखेत मारलं आणि बार्शीच्या मोटार सर्व्हिसमध्ये नोकरीला लागला. बार्शी इंग्रजी हद्दीत. देशमुखांचा हुकूम तिथं चालत नव्हता.

मोटार आता उत्तरेश्वर हाकू लागला, बैलगाडी हाकल्यासारखी. काटा शून्यावरच. चोर गेला तरी चोरी थांबेना, तेव्हा गुरुलिंगला बोलावणं गेलं.

गुरुलिंग येडशी स्टेशनामागं तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं आधी एक बाभळीची काडी सोलली, टाकीत सोडली आणि वर काढली. काडी अर्धी ओली.

"अर्धी टाकी हाय, सरकार."

हिंमतराव काडीकडं बघत राहिले. असं काडी घालून बघणं त्यांना कधी सुचलं नव्हतं. विहिरीला, रांजणाला काडी घालतात. मोटारीला हैदराबादी काटा असताना काडी कशाला? "भ्यायलाय तो गोरोबा," ते म्हणाले. "जाण्याआधी चोरलेलं गुपचूप भरून गेला असंल."

गुरुलिंगनं मान डोलावली आणि चावी फिरवली. काटा मधोमध उभा राहिला. त्यानं उत्तरेश्वराला मागं बसवलं. काटा जागचा हलला नाही. मग हिंमतरावांना बसायची विनंती केली. ते बसले, गादी कुरकुरली, काटा शून्यावर. उतरले, काटा मधोमध.

"बघा, अदब," उत्तरेश्वर पुटपुटला.

गुरुलिंगच्या ध्यानात काय ते आलं; पण देशमुखाला तोंडावर सांगायचं कसं? त्यानं गोठ्यातून म्हशींच्या सरकीची पोती मागवली. हिंमतरावांच्या जागेवर एक पोतं ठेवलं. काटा तसाच. त्यावर दुसरं चढवलं. काटा शून्यावर.

वाड्यातून बघणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी पदर तोंडात घातला.

पोती उतरवून गुरुलिंगनं गादी उचलली. खाली टाकी होती, टाकीवरनं काट्याची तार गेली होती आणि तारेवरचं कापड कुजून गेलं होतं. मोठा भार पडला की गादीची स्प्रिंग वाकून उघड्या तारेला टेकायची आणि काटा शून्यावर पडायचा. खड्ड्यात भार उचलला की सुटायची. एवढीच चोरी.

"म्हंजे आमच्यामुळं?" हिंमतराव हळू आवाजात म्हणाले.

"तारेमुळं, सरकार. तार जुनी झालीय." गुरुलिंगनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेवर गुंडाळून दोऱ्यानं आवळला. मग हात पुसत म्हणाला, "पोत्यांचं म्या कुठं बोलत न्हाय. तुम्ही चावडीत एवढंच सांगा, की गोरोबानं चोरी केली न्हवती."

हिंमतरावांनी चावडीत सांगितलं, अगदी तासभर. काट्यात बिघाड आहे हा संशय आपल्याला पहिल्या दिवसापासून होता, आपण स्वतः गादी उचलायला लावली, जर्मनीत असलेच प्रयोग करतात, वगैरे. गोरोबाचं नाव शेवटी आलं. तो निर्दोष निघाल्याबद्दल त्याचं अभिनंदन झालं आणि त्याला पुन्हा ठेवून घेण्याचा मोठेपणा जाहीर झाला.

सुट्टीच्या दिवशी गोरोबा आला, वाड्याच्या दारातच उभा राहिला.

"चावडीतलं ऐकलं, सरकार. म्या उन्हात बसलो व्हतो, तेवढं त्यात आलं न्हाय."

"झालं गेलं," हिंमतराव म्हणाले. "काटा आता नीट झालाय. उद्यापासून ये."

"माझ्या गाडीला काटाच न्हाय. काडी घालून बघतो म्या." त्यानं रामराम केला आणि निघाला.

गुरुलिंग त्याच्याबरोबर मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेला. "त्या दुपारी म्यापण तिथंच व्हतो," गुरुलिंग वाटेत म्हणाला. "बोलाय पायजे व्हतं."

"व्हय," गोरोबा म्हणाला, आणि चालत राहिला.

मग गुरुलिंगनं पोत्यांची हकीकत सांगितली. पहिलं पोतं, दुसरं पोतं, आणि सरकी कुणाची ते. गोरोबा वाटेतच खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. गुरुलिंगनं देशमुखाला दिलेला शब्द मोडला होता. त्याचं त्याला तसूभरही वाईट वाटलं नाही. गोरोबा ज्या गाडीनं परतला ती संध्याकाळच्या खेपेला बार्शीत शिरली तेव्हा आतल्या सगळ्या उतारूंना देशमुखांचं वजन ठाऊक होतं.