उसनी अर्धशिशी

शिंपीकाकांचं डोकं जन्मात कधी दुखलं नव्हतं. गिऱ्हाइकांची मात्र त्यांनी बोलून बोलून पुष्कळ दुखवली होती. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून असलेल्या पुतणीनं विचारलं, "काका, परीक्षेला खोटे रुग्ण लागतात. एक दिवस अर्धशिशी झाल्याचं नाटक कराल?" तेव्हा काकांनी अर्धी शिवलेली पँट मशीनखाली तशीच सोडली.

पुतणीनं लक्षणांचा कागद दिला आणि बजावलं, "विचारलं तरच सांगायचं. आणि कागदावर आहे तेवढंच."

परीक्षेच्या खोलीत एक खाट, तीन खुर्च्या आणि हात धुवायचं बेसिन. मेंदूचे डॉक्टर परगावी गेल्यामुळे परीक्षक म्हणून हाडांच्या डॉक्टरांना कोपऱ्यात बसवलं होतं. दाराएवढा माणूस, कपाळावर आठी, मांडीवर गुणपत्रिका.

पहिला मुलगा आला. "काय होतंय?" एवढंच त्यानं विचारलं आणि काकांनी सगळा कागद एका दमात ओकला. वर स्वतःचा दुखरा गुडघाही घातला, अगदी फुकट. पोरानं डोकं सोडून गुडघाच तपासला. हाडांचे डॉक्टर खूश झाले. मग पाहतात तर गुणपत्रिकेत गुडघ्याचा रकानाच नव्हता.

"तुम्ही रुग्ण आहात की रेडिओ?" ते कडाडले. "विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!"

दुसऱ्याच्या वेळी काकांनी तोंडाला कुलूप घातलं. "डोकं दुखतं?" "हो." "खूप?" "हो." तिथं संभाषण आटोपलं. उरलेली सात मिनिटं दोघं बेसिनकडे बघत बसले.

तिसरी परीक्षार्थी मुलगी होती, ती घाबरतच आत आली. स्टेथोस्कोप कानात घालून तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली, त्यामुळे तिला उत्तरं ऐकूच येईनात. काकांनी शेवटी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. तिनं तो काढला, खुदकन हसली आणि त्या हसण्याबरोबर तिची भीतीही गेली. खुर्ची जवळ ओढून तिनं विचारलं, "काका, दुखायच्या आधी काही जाणवतं का?"

काका हरखले. कोणीतरी विचारलं बुवा! "डोळ्यांपुढे लखलखत्या रेषा येतात. झिगझॅग टाका घातल्यासारख्या. कडेकडेनं पसरत जातात."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"पंचवीस," कोपऱ्यातून आवाज आला.

दोघांनी वळून पाहिलं. हाडांचे डॉक्टर गुणपत्रिकेत डोकं खुपसून बसले होते.

"मग कोणती बाजू दुखते?"

"उजवी," काका म्हणाले.

"डावी," कोपरा म्हणाला.

काकांचा पारा चढला. "साहेब, कागदावर उजवी आहे. आणि रुग्ण मी आहे!"

मुलीनं खुर्ची डॉक्टरांकडे अर्धी फिरवली. "सर, तुम्हाला कधीपासून होतंय?"

"मला काही झालेलं नाही. चष्म्याचा नंबर चुकतो. पाच वर्षांत सात चष्मे बदलले."

"मळमळतं?"

"हो."

"उजेड सहन होतो?"

"छे! पडदे ओढून पडून राहतो."

"हातापायाला बधिरपणा, बोलताना अडखळणं?"

"नाही."

"घरात आणखी कोणाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "आईला... म्हणजे, ती डोक्याला रुमाल बांधून अंधारात पडायची. आम्ही भावंडं म्हणायचो, आई रागावलीय, आवाज करू नका."

घंटा झाली. कोणी उठलं नाही. पुढच्या विद्यार्थ्यानं दार उघडलं, तर काकांनी त्याला हातानंच हाकललं. "थांब बाहेर! आत खरा पेशंट आहे."

"सर, मी अजून शिकतेय," मुलगी म्हणाली, "पण ही अर्धशिशीच वाटते. मेंदूच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. तोवर वहीत लिहून ठेवा, कधी दुखलं, झोप किती झाली, जेवण चुकलं होतं का."

एवढा दाराएवढा माणूस, पण त्यानं शाळकरी पोरासारखी मान डोलावली. मग गुणपत्रिका काकांपुढे सरकवली. "हिचे गुण तुम्हीच सांगा. मी आता परीक्षक राहिलो नाही, माझीच केस झाली."

काकांनी उभ्या आयुष्यात मापांखेरीज आकडा लिहिला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला. "पैकीच्या पैकी. हिनं माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. आमच्या घरात हे कोणाला जमलेलं नाही."

डॉक्टरांनी बाहेर जाऊन फोन लावला. दार उघडंच होतं. "आई, लहानपणी तू अंधारात पडून राहायचीस, तेव्हा रागावलेली असायचीस का गं?"

पलीकडची म्हातारी कानानं अधू असावी, कारण तिचा आवाज खाटेपर्यंत आला. "राग कसला! डोकं ठणकायचं रे. पण तुम्ही कार्टी त्या दिवशी गप्प बसायचात, म्हणून मी काही बोलले नाही."

डॉक्टर इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. पुढं काय बोलणं झालं ते ऐकायला काका खाटेवरून उतरत होते, तेवढ्यात चौथा परीक्षार्थी आत घुसला आणि त्यांना झटपट कपाळ धरून कण्हावं लागलं.