मॅडमनी बोलावलं म्हणून

फुलबाजारातल्या ओट्यांचे परवाने साधना निकुंभच्या टेबलावरून जात. मार्चअखेर त्यांचं नूतनीकरण व्हायचं आणि फेब्रुवारीत विभागीय कार्यालयाचं रक्तदान शिबिर असायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

यंदा अहिरराव साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "शेजारच्या विभागानं ऐंशी पिशव्या दिल्या. आपण शंभर करू. प्रत्येकानं आपापली माणसं आणायची."

साधनाला ते मनापासून पटलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला चांदवडच्या घाटात अपघात झाला, तेव्हा पाच अनोळखी माणसांच्या रक्तावर तो वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परवान्यांच्या तपासणीला ती बाजारात गेली, तेव्हा काखेत फाइल धरून ओट्याओट्यापाशी थांबली आणि हसून म्हणाली, "शुक्रवारी शिबिर आहे. येऊन जा हं."

शुक्रवारी अकरा वाजेपर्यंत कार्यालयाच्या खालच्या हॉलमध्ये चाळीसजण आले. झेंडू-शेवंतीवाल्या बायका, हार गुंफणारे, गुलाब आणणारा मंगळू. एवढ्या लांब रांगेची साधनाला अपेक्षाच नव्हती. बिस्किटांचे पुडे घेऊन ती तपासणीच्या टेबलाकडे निघाली, तेव्हा रक्तपेढीचा ओम समोर बसलेल्या बाईला समजावत होता.

"मावशी, हिमोग्लोबिन आठ आहे तुमचं. साडेबारा लागतं. तुमचं रक्त नाही घेता येणार."

ती भागुबाई मौले होती. मखमलाबादकडून पहाटे शेवंती घेऊन येणारी, पन्नाशीची बाई. ती खुर्चीवरून उठली नाही.

"थोडं घ्या मग. अर्धी पिशवी घ्या."

"असं नसतं मावशी. उलट तुम्हालाच औषधाची गरज आहे."

"मग एवढं तरी लिहून द्या, भागुबाई आली व्हती म्हणून. निकुंभ मॅडमकडं कागद हाय माझा."

साधना तिच्या पाठीमागे दोन पावलांवर उभी होती. तिनं पुडे टेबलावर ठेवले आणि भागुबाईला बाजूच्या बाकावर नेऊन बसवलं.

"मावशी, परवान्याचा आणि याचा काही संबंध नाही."

"नसंल."

"मी असं काही बोलले होते का?"

"नाय. तुम्ही गोडच बोलल्या." भागुबाईनं पदर सारखा केला. "पन फाइल काखेत धरून बोलल्या."

साधनानं मान वर करून हॉलमध्ये पाहिलं. मंगळू रक्त देऊन निघाला होता. तिची नजर आपल्याकडे वळलेली पाहून त्यानं कोपरावरचा कापसाचा बोळा तिला दिसेल असा हात वर केला. सकाळपासून असे बरेच हात वर झाले होते. तिला तो उत्साह वाटला होता.

ती तडक वर साहेबांकडे गेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "दमदाटी केलीत का? पैसे घेतलेत का? मग झालं तर. पुण्याचं काम आहे हो."

"वर्गणी मागायची तर आधी परवानगी लागते ना सर आपल्याला?"

"तो नियम पैशाला आहे."

"पण केलाय कशासाठी? ज्याचा कागद आपल्याकडे असतो, त्याला आपल्याला नाही म्हणता येत नाही, म्हणूनच ना?"

साहेबांनी चष्मा काढला. "आता काय, शिबिर बंद करू?"

"शिबिर चालू दे. बोलावणं माझ्याकडून जायला नको होतं."

खाली येऊन तिनं रांगेला सांगितलं, "माझ्यासाठी आला असाल तर खुशाल घरी जा. परवाने नियमाप्रमाणे होतील." कुणी जागचं हललं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि रांग आणखी सरळ केली. पुढच्या बाईनं हळूच विचारलं, "म्हंजे उद्या यायचं का मॅडम?"

आपण जितकं जास्त बोलू तितकी ही माणसं जास्त घाबरणार, हे तिच्या लक्षात आलं. तिनं ओमला बाजूला घेतलं. "पडद्याआड एकेकाला विचारा, मनातून द्यायचंय का. नाही म्हणाले तर मागच्या दारानं जाऊ द्या. नावं मला सांगू नका." आणि आपण पाहायला नको म्हणून ती संध्याकाळपर्यंत वर आपल्या टेबलाशी बसून राहिली. रांगेत उरलेल्या एकोणिसांपैकी आठांनी रक्त दिलं, एवढंच तिला नंतर कळलं. शंभर काही झाल्या नाहीत. साहेब आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मार्चमध्ये भागुबाईचा अर्ज वर आला. रहिवासी दाखला जुना होता. अर्ज परत करावा लागणार होता. तसाच पुढे सरकवावा, असं क्षणभर तिला वाटलंही. पण मग जुन्या दाखल्याचे बाकीचे सगळेच अर्ज सरकवावे लागले असते.

भागुबाईनं कागद परत घेतला. "बरं," एवढंच म्हणाली. रक्त न दिल्याचं हे उत्तर मिळालं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात मागे उभा असलेला मंगळू पुढे आला. त्याचाही दाखला जुनाच निघाला.

"मॅडम, म्या तर रक्त दिलं व्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. दाखला मात्र नवा लागेल."

भागुबाई दारात थबकली होती. तिनं मंगळूच्या हातातला कागद पाहिला, मग आपला. "याचा पन परत?" असं म्हणून ती चक्क हसली. मंगळूला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दहा दिवसांनी ती नवा दाखला घेऊन आली आणि परवाना घेऊन निघाली. तेव्हा साधना म्हणाली, "मावशी, त्या हिमोग्लोबिनचं दवाखान्यात दाखवून या. उद्याच जा."

"उद्या नाय जमायचं," भागुबाई म्हणाली. "लग्नाची तिथ हाय, शेवंतीला भाव हाय. पुढल्या आठवड्यात बघीन."

फुलबाजारातून आजवर साधनाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि पुढचा अर्ज उघडला.