हलक्या हाताचा न्हावी

टक्. अब्बांनी चष्म्याची डबी मिटली. सकाळपासून गप्प असलेल्या घरात तेवढाच आवाज झाला.

“त्या वह्या रद्दीत टाक, बेटा,” ते म्हणाले.

अब्बा म्हणजे माझे सासरे. दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी रंगमंचावर आपणच उर्दूत लिहिलेले विनोद सांगून लोकांची पोटं दुखवायची, असं चाळीस वर्षं चाललं. त्यांच्या विनोदातला न्हावी तर गावाला तोंडपाठ होता. हात इतका हलका, की कान कापला गेल्याचं गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळायचं. आणि सचोटी इतकी, की दुसऱ्या दिवशी कान घरपोच यायचा. सासूबाई म्हणायच्या, एवढं घरात हसवलं असतं तर माझेही दात कुणाला दिसले असते.

गेल्या वर्षीच्या आजारात त्यांचं पाठांतर पुसलं गेलं, हाताला कंप आला. तरी जुन्या ओळखीच्या सभागृहवाल्याने बोलावलं. रंगलं तर दर महिन्याला करू, म्हणाला. अब्बा आठवडाभर आरशासमोर उभे राहत होते. पाठ होत नाही तर कागदावरून वाचेन म्हणाले. लग्नानंतर उर्दू लिपी मला त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे वही ठळक अक्षरांत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी मुलीचा डोळा लागला की मी लिहायला बसायची. वहीत दर दोन-तीन वाक्यांनंतर ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. मी सगळं सलग लिहिलं. पानं निम्म्यावर आली. थरथरत्या हाताने तेवढीच कमी उलटायची.

प्रयोगात अब्बा वाचत सुटले. लोकांना हसू फुटेपर्यंत पुढचं वाक्य त्याच्या उरावर बसायचं. कान कापल्यावर पहिली रांग हसायला लागली, तोवर तो घरपोचसुद्धा झाला होता. मग लोकांनी हसायचा नाद सोडला. खुर्च्या सरकू लागल्या. सभागृहवाला निघताना तब्येत सांभाळा म्हणाला, त्यात सगळं आलं. पुढच्या महिन्यापासून त्याने एका गाण्याच्या मंडळाला ती वेळ देऊनही टाकली.

आज वह्यांना सुतळी बांधता बांधता मी सहज विचारलं, मध्ये ही जागा का सोडायचात.

“तिथे लोक हसायचे,” ते म्हणाले. “जेवढं मोठं हसू, तेवढ्या ओळी. पाठ करताना तीही जागा पाठ व्हायची.”

माझ्या हातातली सुतळी सैल पडली. मी तोंड उघडलं.

“तू किती जिवापाड लिहून दिलंस,” ते म्हणाले. “अक्षर मोत्यासारखं. माझ्यातलाच विनोद मेला, त्याला कोण काय करणार?”

सांगितलं असतं, तर निदान स्वतःला मेलेले समजले नसते. पण ऐकून ते पुन्हा उभे राहिले असते आणि बोलवायला कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ती मोत्यांची शाबासकी गमावायचं मला धाडस होईना. मी गाठ मारली. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले.

माझी पाच वर्षांची लेक वह्यांच्या गठ्ठ्यावर येऊन बसली. तिने आधी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अम्मी, दादाजानचं काय चुकलं?”