पिवळी फुंकर

बुधवार, सकाळचे साडेदहा. स्थळ, नगरवाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील सभागृह. खुर्च्या दोनशे, माणसे साडेतीनशे. उरलेली दीडशे माणसे भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसून आणि एकमेकांच्या पायांवर उभी राहून व्यासपीठाकडे पाहत होती. व्यासपीठावर एक लांब टेबल होते. त्याच्या डाव्या टोकाला गुलाबी पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका, उजव्या टोकाला तसाच दुसरा; मध्ये एक पितळी सूक्ष्मदर्शक. त्याच्या भिंगावरचे टोपण त्या दिवशी निघाले नाही, आणि पूर्वी कधी निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. सूक्ष्मदर्शकामागे पांढरा डगला घातलेले एक गृहस्थ उभे होते. लोक त्यांना पेशीयोगी म्हणत, आणि ते लोकांना अडवत नसत.

"तुमच्या देहात पेशी किती?" पेशीयोगींनी विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते.

"सदतीस लाख कोटी!"

सभागृह गार पडले. आकडा अंदाजे बरोबर होता. त्यानंतर ते जे बोलले, त्यातले मात्र काहीच बरोबर नव्हते.

"यांतली एक पेशी रुसते. रुसली की शेजारणीला सांगते. शेजारीण तिच्या शेजारणीला. अशी सगळी आळी रुसून बसते आणि डॉक्टर त्याला रोग म्हणतात! मग डॉक्टर काय करतात? आळीच कापून टाकतात. मी काय करतो? समजूत काढतो!"

टाळ्या झाल्या. मग एका निवृत्त पोस्टमनला वर बोलावण्यात आले. ते पहिल्यांदाच आले होते, म्हणून टेबलाशी उभ्या असलेल्या मदतनीस बाईंनी त्यांना डावीकडच्या खोक्यातली बाटली आणि एक नळी दिली. पोस्टमनने नळीतून फुंकर घातली. पाणी बुडबुडले, गुलाबीचे नारिंगी झाले, नारिंगीचे पिवळेजर्द. पोस्टमनचा चेहराही साधारण त्याच क्रमाने बदलला.

"पाहा! रोग श्वासावाटे बाहेर आला आणि साक्षीजलाने साक्ष दिली. सात दिवस ही पुडी घ्या, मग या."

त्यांच्यामागून जी बाई वर चढली, ती सात दिवस पुडी घेऊन आलेली, दुसऱ्या भेटीची होती. तिला उजवीकडची बाटली मिळाली. तिने दम लागेपर्यंत फुंकले. पाणी गुलाबीच राहिले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या एकाच बाईने टाळी वाजवली नाही. व्यासपीठावर होती ती थोरली आणि खाली बसली होती ती धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी.

धाकटी एका संशोधन संस्थेच्या पेशीसंवर्धन विभागात बावीस वर्षे काम करत होती. माणसांच्या आणि प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर, चपट्या बाटल्यांतून जिवंत ठेवणे, त्यांना वेळेवर खाऊ घालणे, आणि गर्दी झाली की त्यांचे बिऱ्हाड नव्या बाटल्यांत हलवणे, हा तिचा रोजचा संसार. पेशींच्या पोषकद्रवात एक रंगद्रव्य मिसळलेले असते. पेशी खातात, वाढतात, आम्ल बाहेर टाकतात; आम्ल वाढले की लाल-गुलाबी द्रव पिवळा होतो. पिवळी बाटली दिसली की धाकटीला एवढेच कळे, की लेकरांचे जेवण आटोपले, ताट बदलायला हवे. व्यासपीठावरचा तो रंग तिने पहिल्या नजरेत ओळखला होता.

थोरलीचे रंगकामाचे दुकान होते. साड्या, पडदे, रंग उतरलेले सदरे ती तीस वर्षे रंगवून देत आली होती. दोन महिन्यांपूर्वी तिला उजव्या स्तनात गाठ लागली. सुईने पेशी काढून तपासल्या, अहवाल आला, कर्करोग निघाला. "लवकर सापडलीय, वेळेत काढली तर बऱ्या व्हाल," असे शल्यविशारद बाईंनी स्पष्ट सांगितले होते. शस्त्रक्रिया येत्या सोमवारी ठरली होती.

"आता सोमवारचं रद्द," जिना उतरताना थोरली म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका दिसत होता, आणि धाकटीला नेमके तेच सर्वांत भयंकर वाटले.

"ताई, ते रसायन आहे. आमच्याकडे बाटल्याच्या बाटल्या पडलेल्या असतात."

"मग आण एक. फुंकून दाखव पिवळी करून."

"आणते उद्या!"

धाकटीने हे उत्तर विचार न करता दिले. बावीस वर्षांच्या अनुभवाने माणसाला जो आत्मविश्वास येतो, त्यात विचाराला जागा थोडी कमी उरते.

गुरुवारी संध्याकाळी दुकानात, रंगाच्या पिंपांमध्ये, धाकटीने संस्थेच्या शीतपेटीतली पोषकद्रवाची कोरी बाटली उघडली. समोर थोरली उभी होती आणि शेजारी भावजी. भावजी, म्हणजे थोरलीचे यजमान, पिंप ढवळण्याच्या कामात वाकबगार होते. मतांच्या बाबतीत मात्र ते नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूचे असत.

धाकटीने नळी घातली आणि फुंकले. द्रव लाल राहिला. तिने पुन्हा फुंकले. कान गरम झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. द्रव आणखी छान लाल दिसू लागला.

"नाही झालं पिवळं," भावजींनी निरीक्षण नोंदवले.

"तुझीच बाटली, तुझीच फुंकर," थोरली म्हणाली. "अगं, तू ठणठणीत आहेस, एवढंच सिद्ध केलंस. आणि महाराज म्हणतात ते खरं, हेही."

"ताई, काहीतरी चुकतंय माझं. पण तू..."

"अहो, इस्पितळात फोन लावा. सोमवारी येत नाही म्हणावं."

भावजींनी फोन उचलला. धाकटीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "शनिवारपर्यंत थांबा. हात जोडते तुम्हाला."

थोरली पिंपातल्या निळ्या पाण्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मला कापून घ्यायचं नाही गं. कोणीतरी नको म्हणतंय, तर म्हणू दे ना."

फोन शनिवारी दुपारी करायचा, एवढेच ठरले.

शुक्रवारी सकाळी ती कामावर आली, हातमोजे घातले, स्पिरिटने ओटा पुसला आणि पेशींचे उबवण कपाट उघडले. कपाटाच्या दारावर दोन आकडे उजळलेले असतात. एक तापमानाचा: सदतीस. दुसरा कार्बन डायऑक्साइडचा: पाच टक्के. हे आकडे तिने बावीस वर्षांत किती हजार वेळा पाहिले असतील! त्या सकाळी मात्र ती दार उघडे टाकून उभीच राहिली. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड किती? चार-पाच टक्के. म्हणजे जे हे कपाट दिवसरात्र पेशींच्या बाटल्यांवर सोडते, तेच तिने काल कान गरम होईपर्यंत सोडले होते. आणि त्याच वायूत द्रव आम्ल होऊ नये, लालच राहावा, म्हणून तर पोषकद्रवात खाण्याचा सोडा मोजून घातलेला असतो! फुंकरीने पिवळा न होण्यासाठी जो द्रव खास बनवला जातो, तोच तिने फुंकून पिवळा करायला नेला होता. इतकी विद्वत्तापूर्ण चूक करण्यास पेशीसंवर्धन विभागातच आयुष्य काढावे लागते.

तिने नळाच्या पाण्यात नुसते रंगद्रव्य टाकले आणि फुंकले. अर्ध्या मिनिटात पिवळे. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर सोडा टाकून फुंकले. गुलाबी. तिसऱ्यांदा फुंकण्याची गरज नव्हती. तरी शास्त्राचा नियम म्हणून तिने सगळे तीनदा केले.

संध्याकाळी तिने दोन्ही पेले थोरलीपुढे मांडून प्रयोग करून दाखवला. थोरलीने शांतपणे पाहिले.

"काल तुझ्या बाटलीत तू निरोगी होतीस, आज आजारी. उद्या काय?"

"अगं, तेच तर सांगतेय! बाटली बदलली की निकाल बदलतो. माणूस तोच."

"ही तुझी बाटली. त्यांची नव्हे."

धाकटीला आधी राग आला. मग तिच्या लक्षात आले, की हा आक्षेप तिने स्वतः कोणत्याही उमेदवाराच्या प्रबंधावर आनंदाने घेतला असता. "बरोबर," ती म्हणाली. "मग उद्या त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच बाटलीत. फक्त खोका दुसरा. तू डावीकडची घे."

"घेईन," थोरली म्हणाली. "आणि गुलाबी राहिलं तर पुन्हा माझ्यापुढे सोमवारचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

सत्याची परीक्षा मागणाऱ्याने निकाल आधी ठरवून चालत नाही, हे ती जाणून होती.

शनिवारी गर्दी वाढलेली होती. भावजी हातात फोन घेऊन भिंतीशी उभे होते. थोरली व्यासपीठावर चढली तेव्हा मदतनीस बाईंनी उजवीकडे हात नेला.

"मला डावीकडची द्या."

"तुम्ही दुसऱ्या भेटीच्या ना? तुमची उजवीकडे."

"दोन्हीत साक्षीजलच आहे ना?"

मदतनीस बाईंनी पेशीयोगींकडे पाहिले. पेशीयोगी प्रसन्न हसले. "ताई, शुद्ध झालेल्या देहाची पुन्हा परीक्षा घेऊ नये. पेशी दुखावतात."

"द्या हो!" मागून कोणीतरी ओरडले. "काय फरक पडतो?"

तेवढ्यात थोरलीने बाटली स्वतःच उचलली आणि फुंकर घातली. गुलाबी. नारिंगी. पिवळे. सभागृहातून एकच उसासा निघाला. थोरलीने बाटली खाली ठेवली नाही.

"शंका!" पेशीयोगी गरजले. "मनात शंका आली आणि पेशी पुन्हा रुसल्या!"

"असेल बुवा," पहिल्या रांगेतून निवृत्त पोस्टमन उठले. सात दिवस व्हायचे होते, पण घरी बसवेना म्हणून ते आले होते. "मग माझी फुंकर उजवीकडे तपासा. शंका माझ्या मनात काहीच नाही."

कोणी अडवण्याआधी त्यांनी उजवीकडची बाटली घेऊन फुंकले. तीस वर्षे सायकल चालवलेली छाती होती. पाणी हूं की चूं न करता गुलाबी राहिले.

"पाहिलंत?" पेशीयोगींना हायसे वाटले. "हा पुडीचा गुण!"

"पुडी?" पोस्टमन ओशाळले. "ती सदऱ्याच्या खिशात राहिली हो. सदरा धुवायला गेला."

हसण्याची पहिली लाट खिडकीच्या कट्ट्यावरून आली. धाकटी आता व्यासपीठापाशी पोहोचली होती. तिच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली सोडावॉटरची बाटली होती. डावीकडची एक नवी बाटली उघडून तिने तीत चार चमचे सोडावॉटर ओतले. पाणी क्षणात पिवळे झाले.

"महाराज, सोड्याच्या बाटलीला कोणता आजार आहे?"

पेशीयोगींनी डोळे मिटले. सोडावॉटरच्या पेशींची समजूत कशी काढावी, याचा विचार ते करत असावेत.

धाकटी लोकांकडे वळली. तिच्या आवाजाला सभेत बोलण्याची सवय नव्हती. "आपण प्रत्येकजण श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. सोडावॉटरचे बुडबुडे त्याचेच. तो पाण्यात विरघळला की पाणी किंचित आम्ल होतं आणि हा रंग पिवळा पडतो. धडधाकट माणसाने फुंकलं तरी पडतो, मरणाऱ्याने फुंकलं तरी पडतो. उजवीकडच्या पाण्यात काहीतरी आम्ल मारणारं घातलंय, म्हणून तिथे कोणीच पिवळं करू शकत नाही. काय घातलंय ते मला इथे सांगता येणार नाही, तपासावं लागेल."

"मी सांगते," थोरली म्हणाली.

तिने उजवीकडच्या बाटलीत दोन बोटे बुडवली, अंगठ्यावर चोळली, आणि दोन्ही खोक्यांतल्या बाटल्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. "धुण्याचा सोडा. बोटांना बुळबुळतोय. रंग पक्का करायला आम्ही पिंपात रोज टाकतो. आणि हे दोन गुलाबी एक नव्हेत. डावीकडचं लालसर आहे, उजवीकडचं जांभळं मारतंय. गिऱ्हाइकाने असे दोन तुकडे एकच रंग म्हणून आणले असते, तर मी दुकानातून परत पाठवलं असतं." तिने बाटल्या उजेडातून खाली घेतल्या. "बुधवारीच दिसलं होतं मला. मी म्हटलं, ही शुद्धीची झाक असेल."



"तुम्हालाच दिसायला हवं होतं असं नाही, मलाही आधी जमलं नव्हतं," धाकटी लोकांना म्हणाली. "शिकलेलं माणूसही चुकतं. पण चूक कळण्याचा एक रस्ता आहे, आणि तो सगळ्यांना मोकळा आहे. कोणी चमत्कार दाखवला, तर बाटल्यांची अदलाबदल करून पुन्हा दाखवा म्हणा. जो खरा आहे तो रागावणार नाही. आणि औषध, शस्त्रक्रिया सोडण्याआधी तर म्हणाच."

पेशीयोगींनी डोळे उघडले होते. मदतनीस बाई उजवीकडचा खोका कापडाने झाकू लागल्या होत्या. पोस्टमनने त्यावर शांतपणे हात ठेवला आणि दारात आलेल्या ग्रंथपालांना पोलिसांना फोन करायला सांगितले. तरीही पेशीयोगींनी अखेरचा प्रयत्न केला. आवाज मधासारखा मऊ करून ते थोरलीजवळ आले.

"ताई, बुधवारी तुमचा चेहरा किती समाधानी होता. ते समाधान खोटं होतं का? सुरीखाली जायचंय तुम्हाला? माझ्यावर एवढाही विश्वास उरला नाही?"

थोरलीने भावजींना खूण केली. ते फोन खिशात ठेवून पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले. मग तिने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, बोटे पदराला पुसली आणि म्हणाली:

"तुमच्या पाण्याला माझी गाठ दिसत नाही. ज्यांनी माझ्या पेशी काढून भिंगाखाली पाहिल्या, त्यांना दिसली. गाठ आहे, आणि ती सोमवारी काढायची आहे."