बिनचटणीचा गिला वडा

दामिनी लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हापासून तिच्या तोंडी एकच पालुपद होतं, "आमच्या अमरावतीले..." अमरावतीचा ताकातला गिला वडा, अमरावतीचं तळं, अमरावतीत म्हणे कुठंही पायी जाता येतं. तिच्या सासूबाईंना, दुर्गाबाईंना, ते आधी टोचायचं, मग कानाला सवय झाली. आणि या हिवाळ्यात ते एकदम बंद पडलं. दामिनीच्या भावाला नागपूरला नोकरी लागली, आईवडलांना तो घेऊन गेला, अंबापेठेतलं भाड्याचं घर सुटलं. त्यानंतर दामिनीने अमरावतीचं नाव काढलं नाही.

दुर्गाबाईंना ही शांतता काही पचेना. त्यांनी अमरावती पाहिली होती ती लग्नांपुरती, बसमधून मंगल कार्यालयात आणि तिथून परत बसमध्ये. एवढी वर्षं ऐकलं ते गाव खरं असतं तरी कसं?

एका सकाळी त्यांनी पायात चपला सरकवल्या. "दामिनी, आटप. आपण अमरावतीले जाऊन राहिलो."

दामिनीच्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी, पेपर खाली केला. "तिथं आता कोण आहे तिचं?"

"गाव आहे ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "मले पाह्यचं आहे."

बसस्टँडवर उतरताच ऑटोवाल्यांनी घेरलं. दामिनीने हातानेच त्यांना नको म्हटलं आणि चालायला लागली. अकोल्यात बाजाराला निघाली की ती पिशवी घेऊन दोन पावलं मागे असायची. इथं ती पुढे होती. गाड्यांमधून वाट काढत, गल्ल्या कापत, मागे वळूनही न पाहता.

"हळू चाल वं," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी काय पळत येऊ?"

जवाहर गेटच्या जुन्या दगडी कमानीशी एका हातगाडीवर संत्र्याचा रस मिळत होता. दुर्गाबाईंनी रसवाल्याला संत्री कुठली, गोड कशी ओळखायची, साल कुठं टाकता, सगळं विचारून घेतलं. मोर्शीकडची, तो म्हणाला. बाकीच्यावर तो नुसता हसला.

मग आतल्या चौकात येऊन दामिनी थबकली. गिल्या वड्याची गाडी जिथं लागायची तिथं आता मोबाइलचं दुकान होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"जाऊ द्या आई," ती म्हणाली. "तळ्याकडं जाऊ."

पण दुर्गाबाई तोवर दुकानाच्या पायरीवर चढल्या होत्या. "भाऊ, इथं वडेवाला होता तो कोठी गेला?" दुकानदाराला माहीत नव्हतं. पानवाला म्हणाला, मशिदीमागच्या गल्लीत गेला. गल्लीतल्या शिंप्याने मान वर न करता सुईनेच दिशा दाखवली. दुर्गाबाईंना या शोधाचा रंग चढला. चोराच्या मागावर निघाल्यासारख्या त्या पुढे, आणि आता दामिनी मागे.

वडेवाल्या कुर्बानचाचांनी आता गाळा घेतला होता. पाठ वाकली होती, पण पातळ ताकात वडे सोडण्याची त्यांची लगबग जुनीच असावी, कारण दामिनी बघताच हसली. त्यांनी डोळे बारीक केले.

"अरे, बिनाचटणीवाली! किती दिवसांनी आली बेटा?" आणि विचारायची वाट न पाहता त्यांनी एका द्रोणावर लसणाची लालभडक चटणी घातली, दुसऱ्यावर नाही.

दुर्गाबाईंनी दोन्ही द्रोणांकडे आळीपाळीने पाहिलं. "बिनाचटणीची काऊन?"

"लहानपणापासून तिखट झेपत नाही इला," चाचा म्हणाले. "एकदा चुकून चटणी पडली, तर रडून रडून रस्ता भरला होता."

दुर्गाबाईंच्या हातचं तिखट पाहुण्यांमध्ये प्रसिद्ध होतं. ठेचा, झणझणीत रस्सा, बेसनाच्या पातोडीची आमटी. दामिनीने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

"पण तू तर नवी नवरी असताना जेवताना रडायची, ते माहेरच्या आठवणीनं."

दामिनीने द्रोणात बघत सांगितलं, "ते तुमी म्हणत होत्या. रस्सा झोंबायचा."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी लगेच म्हणायच्या, रविवारी माहेरी जाऊन ये." तिने ओठ दाबला. "मंग मी कायले बोलू?"

कुर्बानचाचा उगाचच स्वच्छ फळी पुसायला लागले. दुर्गाबाईंना राग यावा की हसू, ते ठरेना. नऊ वर्षं त्या हिची समजूत घालत होत्या आणि ही आठवड्याआड बस पकडत होती. शेवटी हसूच आलं, इतकं की ताक नाकात गेलं.

"आताही झोंबते?"

"थोडं."

दुर्गाबाईंनी आपला द्रोण बाजूला ठेवला. "चाचा, मलेही एक तसाच द्या. पाहू काय लागते ते." वडा मऊ होता, ताक आंबटगोड. त्यांनी सावकाश चावलं. "डाळीची चव लागते हो," त्या नवलाने म्हणाल्या.

मग दोघी छत्री तलावाकडं निघाल्या. काठाच्या दगडावर बसल्यावर दामिनीने पाण्यातलं एक तपकिरी, गुबगुबीत पाखरू दाखवलं. टिबुकली. बघता बघता ते बुडालं.

"आता कोठी निघन, सांगा," दामिनी म्हणाली.

दुर्गाबाईंनी डावीकडं बोट दाखवलं. टिबुकली उजवीकडं निघाली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, पुन्हा चुकलं. ऊन पिवळं होईस्तोवर दोघी तेच करत होत्या, आणि एकदा जमलं तेव्हा दुर्गाबाईंनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते दाखवलं.

तळ्यापलीकडं टेकड्यांवर झाडी दाट होत गेली होती.

"तिकडं काय आहे?"

"पोहऱ्याचं जंगल. बिबटे आहेत."

"तू पाह्यला?"

दामिनीने आवाज खाली आणला. "एकदा. कॉलेज बुडवून मैत्रिणीसंगं आलो होतो. घरी कोनालेच सांगतलं नाई."

दुर्गाबाईंनी चपला काढून पाय दगडावर घेतले, पदर सारखा केला आणि सुनेकडं तोंड करून बसल्या.

"बस मंगची पकडू," त्या म्हणाल्या. "सांग, कसा होता?"