लक्ष्मणासाठी निवडलेली पत्ती

मित्रांनो, मी एक जुना बॅरिटोन सॅक्सोफोन आहे, आणि मी डूख धरून बसलो आहे. कुणावर, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते बेळगावच्या दुकानातले कपाट, आणि तिथून मला रामनगरला घेऊन आलेले बँडमालक महाबळेश्वर. त्यांच्या बँडमध्ये मला कोणी हात लावेना. लहान सॅक्सोफोन गळ्यात सहज अडकवता येतो; माझ्या वजनाने मान मोडते. शेवटी अणशीचा म्हादू पुढे आला. जंगलातले ओंडके वाहिलेला खांदा त्याचा. त्याने मला उचलून फुंकर मारली, आणि मी असा घुमलो की अंगणातली कुत्री उठून उभी राहिली.

माझा आवाज निम्मा माझा आणि निम्मा पत्तीचा. बोरूसारख्या गवताची ही पातळ पत्ती माझ्या तोंडाशी आवळतात. ती थरथरली की मी बोलतो. एका डबीतल्या पत्त्या दिसायला सारख्या, पण स्वभावाने सख्ख्या भावंडांइतक्या निराळ्या. म्हादू एकेक पत्ती उन्हाकडे धरून पाही. तिच्या रेषा सरळ आणि दाट हव्यात, टोक दोन्ही बाजूंना सारखे हवे. मग ती जिभेवर भिजवून थोडीशीच वाजवी आणि पुसून ठेवी. नव्या पत्तीला एकदम राबवायचे नाही, असा त्याचा नियम. पावसाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून तो त्या काचेवर सपाट बांधून ठेवी. त्या वर्षांत लोक माझा आवाज ऐकायला मुद्दाम थांबत.

मालकांचा मेहुणा लक्ष्मण याला म्हादूची जागा हवी होती. जत्रेच्या दिवशी म्हादू चहाला गेला असताना त्याने ब्लेडने पत्तीचे टोक खरवडले. मी पाहत होतो, पण फुंकणाऱ्याशिवाय मला तोंड कुठले? पालखी निघाली, म्हादूने फुंकले आणि मी डुकराच्या पिलासारखा किंचाळलो. माणसे पोट धरून हसली. पोरांनी माझी नक्कल केली.

"उद्यापासनं येऊ नगंस," मालक म्हणाले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला म्हादूच्या गळ्यातून काढून घेतले.

म्हादूने पत्ती पाहिली. टोकावर ब्लेडची खूण होती. मग त्याने लक्ष्मणाकडे पाहिले. पत्ती खिशात टाकून तो निघून गेला. लक्ष्मणाला वाटले, त्याला काही कळलेच नाही.

मी लक्ष्मणाच्या गळ्यात आलो. हाताला येईल ती पत्ती तो लावी आणि ओलीच माझ्यावर सोडून जाई. माझ्या तोंडाला बुरशी आली. मी त्याच्यावर दात धरून दिवस काढले.

मग रामनगरला एक मोठे लग्न ठरले. मुलाकडून आमचा बँड वाजणार होता, आणि मुलीकडचे खानापूरहून आपला नावाजलेला बँड आणणार होते. लक्ष्मण घाबरला. पत्त्यांची नवी डबी आणि मला घेऊन तो अणशीला म्हादूच्या दारात आला.

"म्हादूअण्णा, एक चांगली पत्ती निवडून दे. माझी लाज राख."

"बस की. चा घे आदी," म्हादू म्हणाला आणि त्याने बायकोला, रुक्माला, हाक मारली.

चहा होईपर्यंत त्याने सगळ्या पत्त्या उन्हाकडे धरल्या, वाजवून पाहिल्या. इतक्या निगुतीने निवडताना मी त्याला कधी पाहिले नव्हते. अखेर त्याने एक उचलली. तिच्या रेषा विरळ होत्या, अंग मऊ होते. अशी पत्ती सुरुवातीला लोण्यासारखी गाते आणि थुंकी पिऊन फुगली की मान टाकते.

"ही घे. नुसतं फुंकलास तरी वाजतीया."

लक्ष्मणाने वाजवून पाहिले आणि तो त्याच्या पाया पडला. मला सारे समजले होते, आणि मला आनंद झाला होता.

लग्नात आम्ही असे सुरू झालो की खानापूरच्या बँडपुढची माणसे आमच्याकडे वळली. म्हादू आणि रुक्मा मांडवाच्या खांबाशी उभे होते. मोठे गाणे लागले आणि पत्ती फुगू लागली. माझा आवाज बसला, मग नुसती फुसफुस, मग जत्रेतली तीच किंकाळी. हशा उसळला. म्हादू हसला नाही. गुळाचा खडा तोंडात घोळवावा तसा तो त्या हशाची चव घेत होता.

लक्ष्मणाने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला सारे उमगले. भर मांडवात म्हादूवर हात उगारता येईना. म्हणून त्याने मला डोक्यावर उचलले आणि दगडी पायरीवर आपटले. माझा कर्णा दुमडला, मान वाकली.

"ह्ये भंगार घेऊन जा तुझ्या घरला," मालक म्हादूला म्हणाले.

म्हादूने मला मांडीवर घेऊन बसने अणशीला आणले. लाकडी हातोडीने हलके हलके पोचे काढले, माझी भोके झाकणाऱ्या चामड्याच्या टिकल्या बदलल्या, जपून ठेवलेली सर्वांत चांगली पत्ती लावली. सगळे सूर आले. सर्वांत खालचा मात्र आला नाही.

रुक्मा म्हणाली, "सूड लक्ष्मणावर उगवलासा, आणि मोडलं ह्ये बिचारं."

म्हादू मान खाली घालून पत्ती पुसत राहिला.

मित्रांनो, वाद्य जपा. वाजवून झाले की पत्ती काढा, पुसा, सपाट ठेवा. आणि तुमची भांडणे तुमच्याच तोंडाने भांडा. ती आमच्या तोंडी देऊ नका. लक्ष्मण परका होता, त्याच्याकडून मी कसली आशा ठेवणार? म्हादू माझा होता.

तो अजून रोज तो खालचा सूर मागतो. दुरुस्तीवाला म्हणतो, झडप नीट बसत नाही. म्हादूला वाटते, पत्ती चुकते आहे, म्हणून तो दुसरी निवडतो. निवडू दे. तो सूर मी त्याला देणार नाही.