गारखेड्याचा अर्धा घोडा

मी घोडा बोलतोय, पण अर्धाच. माझ्या पाठीला मोठं भोक आहे. त्यात माणूस उभा राहतो, माझे पट्टे खांद्यांवर घेतो आणि नाचतो. मग लोकांना कंबरेच्या वर माणूस दिसतो, खाली घोडा.

पोलीस ॲक्शननंतरच्या साली गारखेड्यात मल्हारीनं मला बांधलं. बांबूच्या कामट्या, कागदाच्या लगद्याचं तोंड, छावणीच्या बाजारातली लाल झूल. दोन्ही अंगांना कापूस भरलेले खोटे पाय, स्वार बसल्यासारखे. घरी मेंढरं, म्हणून आयाळ लोकरीची. त्यावरून त्याचा धाकटा भाऊ फकिरा माझ्या कानाशी येऊन "बेंऽ" करायचा. मल्हारी गिरकी घ्यायचा आणि कापसाचा पाय बरोबर फकिराच्या पाठीत बसायचा.

चंपाषष्ठीला आम्ही शेजारच्याच सातारा गावातल्या खंडोबापुढं नाचायचो. निघण्याआधी त्यांची आई बानाबाई भिजवलेली डाळ मला भरवायची, मग मल्हारीला. माझ्या वाटची उंदीर खायचे. त्यात एकदा माझा ओठ कुरतडला गेला. मल्हारीनं खळ लावून चिकटवला. अजून वाकडाच आहे.

सातव्या वर्षी भाद्रपदात मल्हारी तापानं गेला. चार दिवसांत.

राख सावडून आल्या आल्या फकिरानं मला अंगणात ओढलं आणि काडी पेटवली. बानाबाईनं त्याचा हात धरला नाही. ती माझी आयाळ झटकत म्हणाली, "एक अर्धा गेला रे. ह्यो अर्धा तरी ऱ्हाऊ दे."

काडी त्याच्या बोटांपर्यंत जळली.

पुढल्या वर्षीच्या चंपाषष्ठीला त्याच्या काकांनी नाचशील का म्हणून विचारलं, तर फकिरा "म्या नाय नाचणार" म्हणाला. डाळ मात्र बानाबाईनं दोघांपुरती भिजवली होती.

फकिरानं मला चढवलं. तो मल्हारीपेक्षा चार बोटं बुटका, मी जमिनीला घासायला लागलो. पट्टे आखूड करायचे तर मल्हारीची गाठ सोडावी लागणार, आणि ती घामानं दगड झालेली. काका म्हणाले, कापून टाक. फकिरानं विळा हातात घेतला, खाली ठेवला. मल्हारीचा पटका आणला, घड्या घालून खांद्यांवर पट्ट्यांखाली ठेवला. मी वर उचललो गेलो.

देवळापुढं त्याचा ताल सारखा चुकत होता. मध्येच तो माझ्या कानाशी वाकला.

"बेंऽ."

आणि गिरकी घेतली. कापसाचा पाय त्याच्याच मांडीवर आदळला. गिरकीत तो पाय हलतोच. पण फकिरा हसला, वर्षभरानं.

आता मी आढ्याला टांगलेला असतो. झूल विटली आहे, ती बदला. तोंडही नवं करा. ती गाठ मात्र सोडू नका.